समुद्रावर पहारा देणारे 'अलिझे' विमान

आपल्या गावावरून लोहगावची विमाने रोज जातात. ती हवाई दलाची असतात. पण आपल्या आरमाराचीसुद्धा विमाने असतात, हे पुष्कळ मुलांना माहीत नाही. पुण्याला घोरपडीजवळच्या युद्ध स्मारकात 'त्रिशूळ' या लढाऊ जहाजाची प्रतिकृती आहे, ती आपण सहलीत बघितली. आरमाराचे जुने विमान बघायचे तर गोव्याला जावे लागते. मी दिवाळीच्या सुट्टीत मामांबरोबर गेलो होतो. तिथे दाबोळी विमानतळाजवळ नौदलाचे विमानांचे संग्रहालय आहे. त्यात उघड्यावर एक पोटाला फुगलेले विमान उभे आहे. त्याचे नाव 'अलिझे'. त्याची माहिती मी मामांना आणि गुरुजींना विचारून लिहिली आहे.

अलिझे हे फ्रान्स देशात बनलेले विमान. दुसरे महायुद्ध संपल्यावर अकरा वर्षांनी, १९५६ साली, ते पहिल्यांदा उडाले. आपल्या आरमाराची अलिझेची तुकडी २१ मार्च १९६१ रोजी फ्रान्समध्येच सुरू झाली. तिचा नंबर ३१० आणि नाव 'कोब्रा'.

ही विमाने 'विक्रांत' जहाजावर राहायची. विक्रांत २१३ मीटर लांब होते. एवढ्याशा जागेत विमान कसे उडणार? तर जहाजावर वाफेवर चालणारे एक यंत्र होते. गलोलीतून खडा सुटतो तसे ते विमानाला पुढे फेकायचे. उतरताना विमानाच्या शेपटीखालचा आकडा जहाजावरच्या आडव्या तारेत अडकायचा आणि विमान थांबायचे. जागा कमी म्हणून पाखरासारखे पंखही मिटता यायचे.

अलिझेचे काम पाणबुडी शोधण्याचे. पाणबुडी पाण्याखाली असते, मग ती वरून दिसणार कशी? त्या काळच्या पाणबुडीला बॅटरी भरायला वर यावे लागे आणि हवेची नळी पाण्याबाहेर काढावी लागे. अलिझेच्या पोटातून रडारचा गोल घुमट खाली यायचा. त्याला ती नळी लांबून सापडायची. पाणबुडी खोल गेली तर विमान समुद्रात तरंगणारी यंत्रे टाकायचे. त्यांचा कान पाण्यात लोंबायचा आणि ऐकलेला आवाज रेडिओने विमानाला कळायचा. विहिरीत पोहताना पाण्यात डोके घातले, की मोटारीचा आवाज कसा जवळ वाटतो! पाण्यातून आवाज लांबवर जातो, म्हणून हे जमते. आत तीन माणसे बसायची. एक विमान चालवायचा, दुसरे दोघे यंत्रांवर लक्ष ठेवायचे.

१९७१ साली पाकिस्तानशी लढाई झाली. तेव्हा विक्रांत बंगालच्या उपसागरात होती. तिच्यावरच्या अलिझे विमानांनी रात्री चितगाव बंदरावर बाँब टाकले. काही अलिझे इकडे आपल्या पश्चिम किनाऱ्यावर होती. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ 'हंगोर' या पाकिस्तानी पाणबुडीने आपली 'खुकरी' बोट बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला आणि त्यांच्यासह १९४ जण गेले. गंमत म्हणू की दुःख म्हणू, हंगोर पाणबुडी पण फ्रान्समध्येच बनलेली होती आणि तिच्यासारख्यांना शोधणारे अलिझे पण तिथलेच.

आरमाराने पाणबुडीचा शोध सुरू केला. दुसऱ्या दिवशी, १० डिसेंबरला, अरबी समुद्रावर टेहळणी करणारे एक अलिझे पाकिस्तानच्या 'स्टारफायटर' विमानाने पाडले. त्यात लेफ्टनंट कमांडर अशोक रॉय, लेफ्टनंट सिरोही आणि विजयन हे तिघे होते. लढाई संपली तरी ते घरी आले नाहीत.

मी गणित करून बघितले. पुण्याहून मुंबई दीडशे किलोमीटर. अलिझेचा जोर जास्तीत जास्त ताशी पाचशेच्या थोडा वर. त्याला मुंबईला जायला सतरा-अठरा मिनिटे लागतील. स्टारफायटर ताशी दोन हजारांच्या वर जायचे, म्हणजे पाच मिनिटेसुद्धा नाहीत! अलिझेला पळून जाताच आले नसते. हवेत दुसऱ्या विमानाशी लढायला ते बनवलेलेच नव्हते.

मी गुरुजींना विचारले, "मग इतके हळू विमान कशाला पाठवायचे?" गुरुजी म्हणाले, "अरे, शेतात हरवलेली अंगठी पळत पळत शोधतात का? समुद्रात शोधायचं तर हळू जावं लागतं, तासन्‌तास फिरावं लागतं. जोरात जाणाऱ्या विमानाचं तेल लवकर संपतं." तेव्हा मला कळले, की ज्या गुणामुळे ते चांगले पहारेकरी होते, त्याच गुणामुळे ते लढाईत सापडले. आतल्या तिघांना हे माहीत असणारच, तरी ते गेले.

पुढे विक्रांतवर उभी उतरू शकणारी 'सी हॅरियर' विमाने आली. १९८७ पासून अलिझे जहाजावरून उडेनाशी झाली आणि १९९१ साली सेवेतून गेली. विक्रांत १९९७ साली निवृत्त झाली आणि २०१४ साली ती मोडली. आता त्याच नावाची नवी बोट २०२२ पासून आहे.

मुलांनो, गोव्याला गेलात तर नुसता समुद्र बघून येऊ नका. अलिझे पण बघा आणि त्या तिघांची नावे आठवा.

– इयत्ता ४ थी