छापलेले वॅट आणि मिळणारे वॅट

गिझरवर ‘२००० वॅट, २३० व्होल्ट’ असे छापलेले असते. त्यातला व्होल्टचा आकडा आपण वाचतच नाही आणि खरी गोम तिथेच आहे. २००० ला २३० ने भागले की सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह मिळतो. २३० ला ८.७ ने भागले की कॉइलचा रोध, सुमारे २६.५ ओहम. कॉइलची नायक्रोम तार तापली तरी तिचा रोध फारसा बदलत नाही. त्यामुळे दाब २०० व्होल्टवर उतरला तर प्रवाह साडेसात अँपिअर आणि शक्ती जेमतेम १५०० वॅट. दाब १३ टक्के घटला, शक्ती मात्र २४ टक्के, कारण दाबाबरोबर प्रवाहही घटतो. पाणी उशिरा तापते म्हणून गिझरला दोष देण्याआधी दाब तपासावा.

मग मल्टिमीटरने थेट रोधच का मोजू नये? गिझरला ते चालेल. पण ६० वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बचा रोध पेटलेला असताना सुमारे ८८० ओहम असतो आणि थंड असताना त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. याने ओहमचा नियम खोटा ठरत नाही. तापमान स्थिर असणे ही त्याची अटच आहे. म्हणून उपकरण चालू असतानाचेच दाब आणि प्रवाह घ्यावेत; त्यांचा गुणाकार म्हणजे वॅट. पंख्याच्या मोटरला मात्र हा साधा गुणाकार लावू नये. तिथे दाब आणि प्रवाह एका वेळी चढत-उतरत नाहीत, त्यामुळे उत्तर खऱ्या वॅटपेक्षा जास्त येते.