डोळे थकले, तरी वाचन थांबू नये

ज्ञानपीठ पुरस्काराने गौरविलेले वि. स. खांडेकर यांचे उत्तरायुष्य कोल्हापुरात गेले. अखेरच्या वर्षांत त्यांची दृष्टी गेली. साहित्याशी असलेले नाते मात्र तुटले नाही. ते मजकूर सांगत, लेखनिक तो उतरवून घेत. ग्रंथ ते इतरांकडून वाचून घेत. कानांनी केलेले वाचनही वाचनच असते, याचा याहून बोलका दाखला कोणता?

करवीर नगर वाचन मंदिराची १८५० पासूनची परंपरा लाभलेल्या या नगरीतही अक्षरे पुसट दिसू लागली, की अनेक ज्येष्ठ पुस्तक कायमचे मिटून ठेवतात. प्रथम नेत्रतपासणी करावी. मोतीबिंदू असल्यास शस्त्रक्रियेने दृष्टी सुधारू शकते. त्याच्या जोडीला श्राव्य पुस्तकांची वाट धरावी. आजऱ्याच्या शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ कादंबरीही आता मोबाईलवर ऐकता येते.

सवय जडण्यासाठी वेळ ठरलेली हवी. दुपारच्या चहानंतर वीस मिनिटे पुरेशी आहेत. वाचनाचा वेग थोडा कमी ठेवावा. शब्द अस्पष्ट वाटल्यास आवाज वाढवत न बसता श्रवणतपासणी करून घ्यावी. रंकाळ्यावर फिरायला जाताना कानात इअरफोन घालून रस्ता ओलांडू नये.

ऐकलेल्यातील एक विचार रोज वहीत टिपावा. लिहिणे जमत नसेल, तर तो नातवंडाला सांगावा. काळजी घेणाऱ्यांनी केवळ मोबाईल हाती देऊन निघून जाऊ नये. संध्याकाळी जवळ बसून विचारावे, “आज कथा कुठवर आली?” औषधाच्या वेळेइतकीच या प्रश्नाचीही वाट पाहिली जाते.