माळ्यावरचा टीव्ही गेम

रत्नागिरीच्या आमच्या जुन्या घराचा माळा दोन वर्षांपूर्वी आवरायला काढला, तेव्हा वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीने बांधलेले एक खोके हाती लागले. आत आम्हा भावंडांचा टीव्ही गेम होता. मळकट पांढरा डबा, वायरने जोडलेले दोन कंट्रोलर, प्लॅस्टिकची एक बंदूक, ॲडॅप्टर आणि तीन पिवळ्या कॅसेट. १९९३ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत वडिलांनी तो आणला होता. आमचे खेळणे संपल्यावर आईने तो 'नीट जपून' ठेवला आणि त्यानंतर वीस वर्षे त्याला कोणी हात लावला नव्हता. न वापरलेली वस्तू झिजत नाही, असा आपला सर्वांचा समज असतो. पदार्थविज्ञानात डॉक्टरेट केलेल्या माणसाने तरी तसे समजू नये, पण मीही तेच समजलो. घरातला चित्रनळीचा जुना संच अजून चालू आहे, त्याला गेम जोडला आणि बटण दाबले.

चित्र आले, पण त्यावर दोन जाड काळपट आडवे पट्टे होते आणि ते हळूहळू वर सरकत होते. सोबत 'हूंऽऽ' असा आवाज. मी घाईने बटण बंद केले.

हे पट्टे म्हणजे वर्गात शिकवण्याजोगा प्रयोगच आहे. घरातला विद्युतप्रवाह प्रत्यावर्ती असतो, सेकंदाला ५० आवर्तने करणारा. ॲडॅप्टरमधील रोहित्र त्याचा दाब कमी करते, डायोड त्याला एकाच दिशेने वाहायला लावतात. तरीही तो सपाट होत नाही. सेकंदातून १०० वेळा शून्याकडे घसरतो. या खोलगट्या भरून काढण्याचे काम धारित्राचे, म्हणजे रेडिओ दुरुस्तीवाले ज्याला कंडेन्सर म्हणतात त्याचे. पावसाचे पाणी टाकीत साठवून नळाला एकसारखी धार द्यावी, तसे. टाकी लहान झाली तर धार थरथरते. संचाचा पडदा सेकंदाला ५० वेळा रंगवला जातो आणि खोलगट्या १००, म्हणून एका चित्रात दोन पट्टे. विजेची वारंवारता बरोबर ५० कधीच नसते, जराशी मागेपुढे असते. म्हणून पट्टे एका जागी न थांबता सरकतात. पडद्याकडे नुसते पाहून ॲडॅप्टर न उघडता दोष कुठे आहे ते कळले होते.

पण बंद खोक्यात पडलेल्या धारित्राची 'टाकी' लहान कशी झाली? या प्रकारच्या धारित्रात ॲल्युमिनियमच्या वर्खाच्या दोन पट्ट्या आणि मध्ये द्रावणात भिजवलेला कागद अशी गुंडाळी असते. एका वर्खावर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो, तोच विद्युतरोधक. गुंडाळी ॲल्युमिनियमच्या डबीत बसवून तोंडाला रबरी बूच लावतात. बूच कितीही घट्ट असले तरी द्रावणाची वाफ वर्षानुवर्षे थोडी थोडी निसटत राहते. कागद सुकला की धारित्राची क्षमता घटते. शिवाय विजेचा दाब नसताना ऑक्साइडचा थरही हळूहळू कमजोर होतो, कारण त्याची डागडुजी करणारा प्रवाहच वाहत नसतो. म्हणून जुने यंत्र खोक्यातून काढून एकदम पूर्ण दाबाला जोडणे धोक्याचे. अनुभवी मंडळी मध्ये मोठा रोध घालून दाब सावकाश वाढवतात, म्हणजे थर पुन्हा तयार व्हायला अवधी मिळतो. मी जे केले ते करू नये.

तापमानाचा हिशोब इथे फार बोलका आहे. तापमान दर १० अंशांनी उतरले की अशा धारित्राचे आयुष्य साधारण दुप्पट होते, असा एक ढोबळ नियम आहे; रासायनिक क्रियेच्या वेगाचा जो नियम आपण शाळेत सांगतो तोच. धारित्रावर '८५ अंश से.' असे छापलेले असते. त्या तापमानाला आयुष्य २,००० तास असेल, तर ३५ अंशांना ते ३२ पट, म्हणजे ६४,००० तास. वर्षाचे तास ८,७६०. भागाकार करा: सात वर्षांहून थोडे अधिक. हा हिशोब चालू यंत्रातल्या धारित्राचा आहे, पण कौलांखालच्या माळ्यावर सुकण्याची क्रिया थांबलेली नसते एवढे त्यातून कळते. वस्तू माळ्याऐवजी घरातल्या सर्वांत थंड, कोरड्या कपाटात ठेवली तर खर्च काहीच नाही, आणि वर्षे मात्र हाती लागतात.

धारित्र सुकले तर निदान नुसते निकामी होते. गळले तर शेजाऱ्यालाही नेते. सेगा कंपनीच्या १९९० च्या 'गेम गिअर' या हातात धरून खेळायच्या यंत्रातील छोटी धारित्रे यासाठी संग्राहकांत कुप्रसिद्ध आहेत. त्यांतले द्रावण पाझरून सर्किट बोर्डावरच्या तांब्याच्या पट्ट्या खाते. पुष्कळदा आधी आवाज जातो, मग चित्र फिकटते. मायक्रोसॉफ्टच्या २००१ च्या पहिल्या 'एक्सबॉक्स'मध्ये तर फक्त घड्याळाची वेळ टिकवण्यासाठी एक धारित्र बसवले होते. ते गळू लागल्यावर लोकांच्या लक्षात आले की, खेळायला त्याची गरजच नाही. आता जाणकार यंत्र हाती आले की आधी ते उपटून टाकतात.

बॅटरी हा दुसरा घरभेदी. अल्कलाइन सेलमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइड असते. ते बाहेर झिरपले की हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून पोटॅशियम कार्बोनेट होते. टॉर्च किंवा रिमोटमध्ये पांढरी बुरशी दिसते ती बुरशी नसून हे स्फटिक. आम्लारी असल्यामुळे ते कापसाच्या बोळ्याने पातळ व्हिनेगर लावून उदासीन करता येतात. बुडबुडे येतात ते कार्बन डायऑक्साइडचे. मुलांना हे करून दाखवण्यासारखे आहे, मात्र हातमोजे घालून.

काही कॅसेटमध्येही बॅटरी असे. १९८७ साली अमेरिकेत विक्रीस आलेल्या 'लेजंड ऑफ झेल्डा' या निन्टेन्डोच्या खेळाच्या कॅसेटमध्ये नाण्याएवढा लिथियम सेल होता. खेळ कुठपर्यंत आला हे लक्षात ठेवणाऱ्या स्मृतीला तो जिवंत ठेवी. अशा एका सेलची क्षमता सुमारे २२० मिलिअँपिअर तास. स्मृतीला २ मायक्रोअँपिअर लागतात असे धरले, तर १,१०,००० तास, म्हणजे साडेबारा वर्षे. गंमत अशी की, संपलेला सेल काढताक्षणी स्मृती पुसली जाते आणि न संपलेला काढला तरीही. तीस वर्षांपूर्वी एखाद्या मुलाने खेळून ठेवलेला डाव हा वस्तूचा भाग मानायचा की नाही? मानायचा असेल तर आधी तो उतरवून घ्यावा लागतो, किंवा बदलाच्या वेळी दुसऱ्या ३ व्होल्टचा आधार द्यावा लागतो. खुद्द खेळ मात्र त्या मानाने सुरक्षित. कारखान्यात बनलेल्या कॅसेटमध्ये तो बहुधा चिपच्या रचनेतच कोरलेला असतो, दगडावरच्या अक्षरांसारखा. त्याला विजेचा आधार लागत नाही.

आमच्या कॅसेट सुरुवातीला लागत नव्हत्या. लहानपणी अशा वेळी काय करायचो हे त्या पिढीतल्या कोणालाही विचारा: कॅसेट काढून जोरात फुंकर मारायची आणि परत खोचायची. चालायची! पण काम फुंकर करत नसे, परत खोचणे करत असे. धातूच्या पट्ट्या एकमेकींवर घासून नवा स्पर्श मिळे. श्वासातला ओलावा उलट त्या पट्ट्यांना गंज चढवतो. निन्टेन्डोनेही फुंकर मारू नका असे बजावले होते. आपल्याकडचा दुसरा उपाय खोडरबराचा. तोही बेताने करावा, कारण पट्टीवर सोन्याचा थर असेल तर त्याची जाडी मायक्रोमीटरहूनही कमी असते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापूस पुरे.

डब्याकडे मात्र पाहवत नव्हते. झाकणाच्या ज्या अर्ध्या भागावरचा कागद फाटला होता तो चहासारखा पिवळा पडला होता. अशा डब्यांसाठी बहुधा एबीएस प्लॅस्टिक वापरतात. त्यातील ब्युटाडाइन हा रबरी घटक प्रकाश, उष्णता आणि ऑक्सिजन यांच्यामुळे बदलत जातो. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवले की पांढरेपणा परत येतो आणि २००८ पासून ही कृती संग्राहकांत फार लोकप्रिय आहे. पण तुटलेल्या रेणुसाखळ्या त्याने सांधल्या जात नाहीत आणि पिवळेपणा पुष्कळदा परततो. मी डबा पिवळाच ठेवला. त्याहून वाईट म्हणजे, आईने कंट्रोलरची वायर डब्याभोवती घट्ट गुंडाळली होती, तिथे प्लॅस्टिक विरघळून खोल चर पडले होते. पीव्हीसीची वायर मऊ राहावी म्हणून तिच्यात एक तेलकट द्रव्य घालतात. ते शेजारच्या प्लॅस्टिकमध्ये शिरून त्याला मऊ करते. वायर सैल वेटोळी करून, कागदात वेगळी ठेवली असती तर हे टळले असते.

मग डबा उघडला आणि खरी अडचण दिसली. हे यंत्र म्हणजे निन्टेन्डोने जपानमध्ये १९८३ साली विकायला काढलेल्या 'फॅमिकॉम'ची नक्कल. मूळ यंत्रात मुख्य चिपा दोन, प्रत्येकी ४० पायांच्या. बिघडलेली काढून दुसरी बसवता येते. आमच्या डब्यात त्या जागी काळ्या इपॉक्सीचा एक थेंब होता. त्याखाली सगळे यंत्र एकाच उघड्या सिलिकॉनच्या तुकड्यात. स्वस्त, आणि बिघडले की कायमचे गेले. परदेशी संग्रहालयांत मूळ यंत्रे सांभाळलेली आहेत. राल्फ बेअर यांनी १९६० च्या दशकात बनवलेला पहिला नमुना त्यांनी २००६ साली वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला दिला. आपल्याकडे मात्र बहुतेक मुलांच्या हाती आली ती नक्कल, '९९९९ इन वन' लिहिलेल्या आणि आत तेच मोजके खेळ पुन्हा पुन्हा असलेल्या कॅसेटसह. तिच्यावर निर्मात्याचे नावही नसे. चोरीची नक्कल जपायची कशाला, असे कोणी म्हणेल. मला वाटते, तीच आधी जपावी. मूळ वस्तूला वाली आहेत; ही रोज भंगारात जाते.

मी ॲडॅप्टरचे धारित्र बदलले. जुने फेकले नाही. पाकिटात घालून, तारीख लिहून यंत्रासोबत ठेवले. पट्टे गेले. शिक्षकांनी एक ध्यानात ठेवावे: ॲडॅप्टर किंवा गेम उघडणे वेगळे आणि चित्रनळीचा संच उघडणे वेगळे. तिथे हजारो व्होल्टचा भार बंद केल्यावरही राहू शकतो. तो विद्यार्थ्यांनी कधीही उघडू नये.

पुढे गेम पुण्याला आणून सपाट पडद्याच्या संचाला जोडला. सगळे खेळ चालले, फक्त बंदूक चालेना. भाच्याने पडद्याला नाक लावून गोळ्या झाडल्या तरी एक बदक पडेना! बंदुकीतून काहीच सुटत नाही. तिच्या नळीत प्रकाश टिपणारा घटक असतो. चाप ओढला की खेळ क्षणभर पडदा काळा करतो, नंतर बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतो आणि बंदुकीला विचारतो: उजेड दिसला का? हे सारे एकदोन चित्रांत, प्रत्येकी सेकंदाच्या पन्नासाव्या भागात. चित्रनळीत संकेत येताक्षणी ठिपका उजळतो. सपाट पडदा चित्र आधी साठवतो, त्यावर प्रक्रिया करतो, मग दाखवतो. तोवर खेळाने 'नाही' असे उत्तर धरून टाकलेले असते.

म्हणजे बंदूक जपायची तर संचही जपायला हवा आणि नवी चित्रनळी आता दुकानात मिळत नाही. बंदूक रत्नागिरीला परत गेली. गेल्या मे महिन्यात भाचा तिथे खेळत असताना आम्ही पडदा, त्याचे हात आणि चापाचा खट्‌ आवाज यांचे तासभर चित्रीकरण करून ठेवले.