पाककला स्पर्धेत गुण कशाला द्यायचे?



ऊस विकास विभागाच्या या पानावर दर अंकात लागणीचे, खताचे, हुमणीचे लिहून येते. या वेळी स्वयंपाकाचे लिहिले आहे म्हणून पान उलटू नका. विषय गुळापर्यंत जातो, आणि गूळ म्हटला की ऊस आलाच.

संक्रांतीनंतर आपल्या महिला मंडळाने तालुक्यातील एका पाककृती-लेखिकाबाईंचे व्याख्यान ठेवले होते. बाईंची दोन छोटी पुस्तके निघाली आहेत आणि गावोगावच्या पाककला स्पर्धांना त्या परीक्षक म्हणून जातात. नाव छापू नका, मुद्दे छापा, असे त्यांनी आवर्जून सांगितले, म्हणून नाव देत नाही. शेवटच्या रांगेत शेती खात्याचे आम्ही चार-पाच जण बसलो होतो. खरे सांगायचे तर नाश्त्याच्या आशेने. पण उठावेसे वाटले नाही.

बाईंनी सुरुवातच परीक्षकांना बोल लावून केली. आपल्याकडे स्पर्धा म्हणजे काय, तर घरून पदार्थ करून आणायचा, टेबलावर मांडायचा, भोवती गाजराची फुले आणि काकडीची पाने लावायची. परीक्षक एक चमचा चाखणार, ताटाकडे चारदा बघणार आणि स्टीलचा डबा बक्षीस देणार. संध्याकाळपर्यंत पदार्थ संपतो आणि त्याची कृतीही त्याच्याबरोबर संपते. पुढच्या वर्षी कोणी विचारले की मागल्या खेपेला पहिली आलेली वडी कशी केली होती, तर सांगायला कोणी नाही.

मग त्यांनी एक परदेशातली हकीकत सांगितली. अमेरिकेत पिल्सबरी नावाच्या पीठ कंपनीने १९४९ साली घरी भाजलेल्या पदार्थांची मोठी स्पर्धा घेतली. न्यूयॉर्कच्या एका बड्या हॉटेलात शंभर स्पर्धकांसाठी चुली मांडल्या, आणि पहिले बक्षीस ५०,००० डॉलर एका गृहिणीला मिळाले. कंपनीला आपले पीठ खपवायचे होते हे उघडच आहे, त्यात धर्मादाय काही नव्हता. पण एक अट चांगली होती. आधी कृती मापासह लिहून पाठवायची, निवड झाली की सर्वांसमोर करून दाखवायची. त्यामुळे बक्षीस एकीला मिळाले तरी कृती घरोघर गेल्या.

आपल्याकडे माप लिहायची सवय नाही असे नाही, पण माप हरवले आहे. आजीने सांगितलेले असते, चिपटंभर डाळ, मापटंभर गहू. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, हा हिशेब जुन्या माणसांना तोंडपाठ. पण शेर गावोगाव वेगळा होता, आणि १९६२ पासून देशात मेट्रिक मापे सक्तीची झाली. आता चिपटे कोणाच्या घरात आहे? ‘अंदाजाने घाल’ एवढेच उरले. अंदाज ज्या हाताला असतो, त्या हाताबरोबरच तो जातो.

म्हणून बाईंना लक्ष्मीबाई धुरंधर यांचे मोठे कौतुक. त्यांनी १९१० साली ‘गृहिणी-मित्र’ काढून हजार पाकक्रिया लिहून ठेवल्या. आणि कमलाबाई ओगले तर आपल्याच भागातल्या, सांगली जिल्ह्यातील कुंडलच्या. शाळा जेमतेम चौथीपर्यंत, आणि त्यांचे ‘रुचिरा’ १९७० साली निघाले ते आजही नव्या सुनेला आहेरात दिले जाते. कमलाबाईंनी माप धरले ते वाटीचे आणि चमच्याचे, म्हणजे प्रत्येकीच्या मांडणीवर असलेल्या भांड्याचे. तराजू नसलेल्या घरातही ते पुस्तक चालले ते त्यामुळे.

इथपर्यंत आम्ही ऐकत होतो. यापुढे बाई बोलल्या ते मात्र आमच्या प्रांतातले होते, आणि कागद-पेन्सिल काढावी लागली.

त्या म्हणाल्या की एक वाटी हरभऱ्याची डाळ आणि एक वाटी गूळ, हे पुरणाचे माप सगळ्या पुस्तकांत सापडेल. पण त्याच मापाने एका घरी पुरण घट्ट होते, दुसऱ्या घरी सैल. सैल पुरणाची पोळी लाटताना फुटते, तव्यावर गूळ जळतो आणि बोल लागतो सुनेला. सुनेच्या हातात दोष नसतो, दोष ढेपेत असतो. गूळ ओलसर असेल तर वाटी तीच राहिली तरी माप बदलले.

हे शंभर टक्के खरे आहे, आणि ढेपेतला दोष बहुतेक वेळा शेतातून येतो. पक्व उसाच्या रसात सुक्रोज जास्त आणि ग्लुकोज-फ्रुक्टोज कमी असते. अशा रसाचा गूळ घट्ट बसतो आणि कणीदार होतो. कोवळा ऊस तोडला, मोठ्या बांधणीनंतरही युरियाची पोती ओतत राहिलो, ऊस लोळला, किंवा तोडून दोन-दोन दिवस फडात पडला, की ग्लुकोज-फ्रुक्टोजचे प्रमाण वाढते. तो गूळ हवेतले पाणी ओढतो आणि पावसाळ्यात पाझरतो. खारपड जमिनीतल्या उसाचा गूळ चवीला खारट लागतो आणि नीट बसतही नाही. आमचे सभासद विचारतात, कारखान्याला ऊस घालतो, गुळाचे आम्हाला काय? अहो, हीच कारणे कारखान्यात उतारा खातात. तिथे ती आकड्यात दिसतात, घरात पोळी फुटल्यावर दिसतात, एवढाच फरक.

खिरीचेही तसेच. गूळ किंचित आंबट धर्माचा असतो. उकळत्या दुधात घातला की दूध फाटते. म्हणून खपली गव्हाची खीर गुळात शिजवतात आणि दूध पानात वाढताना घेतात. आपल्या आयांना रसायनशास्त्र माहीत नव्हते, पण रीत बिनचूक होती. तिळाच्या लाडवाला चिक्कीचा गूळ आणि गूळपोळीला साधा मऊ गूळ, हेही त्यांनीच ठरवले. चिक्कीचा गूळ पोळीत घातला तर काय होते ते एकदा करून बघा, तवा घासताना कळेल.

रंगाबद्दल बाईंनी गुऱ्हाळवाल्यांनाही सोडले नाही. गिऱ्हाइकाला पिवळाधमक गूळ हवा, म्हणून काहिलीत हायड्रोस पावडर पडते. रंग उजळतो, थोड्या दिवसांनी पुन्हा काळपटतो. भेंडीच्या चिकाने मळी काढलेला तांबूस गूळ बाजारात मागे पडतो. स्पर्धेच्या टेबलावर हेच चालते, असे त्यांचे म्हणणे. चेरी लावलेला पदार्थ पुढे, हुलग्याचे माडगे मागे. गूळ घातलेले गरम माडगे पावसाळी दिवसात अंगात ऊब आणते, पण त्याचा रंग पडला मातीचा. त्याला कोण गुण देणार?

हे ऐकून एक भगिनी उभी राहिली. आमच्या एका गटातल्या सभासदाच्या घरातली. तिने विचारले की बक्षिसे नेहमी ज्यांना दुपार मोकळी असते त्यांनाच का मिळतात. आम्ही पहाटे भाकऱ्या थापून भांगलायला जातो, दिवस मावळता येतो, मग पुन्हा चूल. पनीर आणि काजू आणून सजवायला वेळ कुठला आणि पैसा कुठला? सभागृहात टाळ्या पडल्या. बाईंनी उत्तर दिले की स्पर्धा रोजच्या ताटाची ठेवा, सामान आयोजकांनी द्या आणि घड्याळ लावा, मग बघा कोण जिंकते.

आम्हाला इथे पीक स्पर्धा आठवली. एकरी शंभर टनाचा प्लॉट आम्ही अनेकदा मोजला आहे. कष्ट खरेच असतात, ऊसभूषण उगाच मिळत नाही. पण असेही शेतकरी पाहिले आहेत की घरचे सगळे शेणखत आणि विहिरीचे पाणी स्पर्धेच्या एका एकराला, आणि बाकीची चार एकरे रामभरोसे. अशा प्लॉटचा फोटो छान येतो, शेजाऱ्याने त्यातून घ्यायचे काय? आम्ही त्याला विचारतो, बाबा, बेणे कोणते, सरीचे अंतर किती, खत किती हप्त्यांत दिले? सांगता आले तर त्या उसाचा गटाला उपयोग. स्वयंपाकाला वेगळा न्याय लावायचे कारण आम्हाला दिसत नाही.

आणखी एक गोष्ट खटकली ती लिहितो. महिला मंडळाच्या जुन्या स्पर्धांच्या चिठ्ठ्या आम्हाला दाखवल्या. निम्म्या चिठ्ठ्यांवर नुसते ‘सौ. पाटील’, ‘सौ. जाधव’, आणि खाली नवऱ्याचा सभासद क्रमांक. एका गावात पाटील किती, हे आम्ही तोडणी प्रोग्रॅम लावताना भोगतो. जिने पदार्थ केला तिचे स्वतःचे नाव चिठ्ठीवर नको का?

महिला मंडळाने बाईंच्या सल्ल्याने पुढील स्पर्धेचे नियम ठरवले आहेत. प्रत्येकीला अर्धा किलो डाळ आणि एकाच गुऱ्हाळाचा अर्धा किलो गूळ कारखान्याकडून मिळेल. बाकी सामान घरचे, पण त्याची किंमत लिहून द्यायची. पदार्थ दीड तासात तिथेच करायचा. १०० पैकी ५० गुण चवीला, ३० वाटी-चमच्याच्या मापासह लिहिलेल्या कृतीला, २० कमी खर्चाला. सजावटीला शून्य. परीक्षकांपुढे नाव न जाता फक्त क्रमांक जाईल. जिला लिहिता येत नाही तिची कृती गटातील शेती मदतनीस लिहून घेईल, आणि त्याने स्वतःची अक्कल त्यात घालू नये अशी तंबी आम्ही दिली आहे.

पुरुष सभासदांनी भाग घ्यावा का, असा प्रश्न एकाने गमतीने विचारला होता. अवश्य घ्यावा, नियम तेच राहतील. फक्त गूळ बांधाला लागलेल्या कोवळ्या उसाचा आहे अशी सबब चालणार नाही, कारण तो आम्ही आधीच तपासून घेणार आहोत.

नावे गट कार्यालयात द्यावीत, आणि भगिनींनी आपले पूर्ण नाव लिहावे. निवडक कृती याच पानावर, करणारीच्या नावासह छापू. खोडव्याच्या पाचटाचे लिहायचे राहिले आहे, ते पुढील अंकात.