वाघिणीची शाळा

मांजर आपल्या पिल्लांना सात घरे फिरवते, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. वाघीण ही त्याच मार्जारकुळातील. तीही आपले बछडे तोंडात अलगद धरून एका आडोशातून दुसऱ्या आडोशात नेते. मात्र वाघिणीचा हा संसार दाट झाडीत, माणसाच्या नजरेआड चालतो. तो घरबसल्या पाहण्याची संधी आपल्याला दूरदर्शन संचावरील वन्यजीव माहितीपटांमुळे मिळाली.

अशा माहितीपटांपैकी एक म्हणजे ‘टायगर : स्पाय इन द जंगल’. २००८ मध्ये बीबीसीने तो तीन भागांत प्रसारित केला. निर्माते जॉन डाउनर यांच्या या मालिकेचे निवेदन प्रसिद्ध निसर्ग-निवेदक डेव्हिड अॅटनबरो यांनी केले होते. तिचे चित्रीकरण मध्य प्रदेशातील पेंच राष्ट्रीय उद्यानात झाले. पेंच नदीवरून नाव मिळालेले हे जंगल दक्षिणेकडे महाराष्ट्रातील नागपूर जिल्ह्यातही पसरलेले आहे.

बछडे लहान असताना माणूस जवळ आला, तर वाघीण अस्वस्थ होते आणि जागा बदलते. मग चित्रीकरण करायचे कसे? याचे उत्तर हत्तींनी दिले. हत्तीच्या वावराला वाघ सहसा बुजत नाहीत. म्हणून माहुतांच्या देखरेखीखाली हत्तींकडूनच कॅमेरे नेले गेले. काही सोंडेत धरून, काही सुळ्यांवर बसवून. लाकडाच्या ओंडक्यासारखे दिसणारे कॅमेरे हत्ती सोंडेने जमिनीवर ठेवत असत. त्यामुळे एक वाघीण आणि तिचे चार बछडे यांचे दैनंदिन जीवन फारसा व्यत्यय न आणता टिपता आले.

जन्मतः वाघाचा बछडा साधारण एक किलो वजनाचा असतो. त्याचे डोळे मिटलेले असतात आणि ते उघडण्यास एक-दोन आठवडे लागतात. या काळात तो सर्वस्वी आईच्या दुधावर अवलंबून असतो. वाघ पिल्लांना भरवत नाही. आपल्या क्षेत्रातून परक्या नरांना दूर ठेवणे एवढाच त्याचा हातभार असतो. त्यामुळे वाघिणीपुढे रोजचा पेच उभा राहतो. शिकार केली नाही, तर दूध आटेल आणि शिकारीला गेली, तर बछडे एकटे पडतील. म्हणूनच ती त्यांना खडकांच्या कपारीत किंवा दाट झुडपांत लपवून जाते.

सुमारे दोन महिन्यांचे झाल्यावर बछडे आईमागे चालू लागतात आणि मांसाची चव घेतात. मग त्यांचे खरे शिक्षण सुरू होते. दबा धरणे, झेप घेणे या गोष्टी त्यांच्यात उपजत असतात. भावंडांशी लुटुपुटीची झुंज खेळताना तेच कौशल्य वाढते. परंतु वाऱ्याची दिशा ओळखणे, किती जवळ गेल्यावर झेप घ्यावी हे ठरवणे, घाई न करणे, हे अनुभवानेच कळते. आई शिकार करत असताना बछडे ती पाहतात, पुढे स्वतः प्रयत्न करतात आणि पुष्कळदा फसतातही. दीड ते दोन वर्षांनी ते स्वतंत्र होतात. मुली अनेकदा आईच्या शेजारीच क्षेत्र मिळवतात, तर मुलगे दूर निघून जातात.

या माहितीपटातील एका मादी बछड्याची पुढील कहाणीही बोलकी आहे. २००८ मध्ये अभ्यासासाठी तिच्या गळ्यात रेडिओ पट्टा बसवण्यात आला आणि ती ‘कॉलरवाली’ म्हणून ओळखली जाऊ लागली. त्याच वर्षी झालेले तिचे पहिले तीन बछडे जगले नाहीत. पुढे मात्र ती कुशल माता ठरली. २०१० मध्ये तिने एकाच वेळी पाच बछड्यांना जन्म दिला. आयुष्यात आठ वेळा मिळून तिला २९ बछडे झाले आणि त्यांपैकी २५ जगले. १५ जानेवारी २०२२ रोजी, वयाची सोळा वर्षे ओलांडल्यावर, तिचे निधन झाले.

हे यश केवळ तिचे नव्हते. पेंचमध्ये चितळ, सांबर विपुल आहेत, पाणी आहे आणि जंगलाला संरक्षण आहे. भूक, आजार, परक्या वाघाचा हल्ला यांमुळे अनेक बछडे मोठे होण्यापूर्वीच दगावतात. वाढलेल्या वाघांना नवे क्षेत्र शोधण्यासाठी एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जाण्याची वाटही हवी असते. म्हणूनच नागपूर ते सिवनी या पट्ट्यात राष्ट्रीय महामार्गावर उंच पूल बांधून, त्यांखालून प्राण्यांना ये-जा करण्यासाठी मार्ग ठेवले आहेत.

माहितीपट पाहताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. अनेक महिन्यांच्या चित्रीकरणातून निवडक क्षण जोडून तो तयार होतो. पडद्यावर शिकार काही मिनिटांत साधते. जंगलात तिच्यामागे अनेक फसलेले प्रयत्न असतात. निवेदन आणि संगीत यांमुळे आपण त्या प्राण्यांत माणसाच्या भावनाही पाहू लागतो. तरीही अशा माहितीपटांचे मोल मोठे आहे. वाघ वाचवणे म्हणजे एका वाघिणीला दोन वर्षे निर्धास्तपणे पिल्ले वाढवता येतील असे जंगल राखणे, ही गोष्ट ते आपल्या डोळ्यांसमोर उभी करतात.