सिमेंटच्या कातळावरचा ज्युनिपर

ज्युनिपरचं बोन्साय खडकावर लावायचं आणि तो खडकही घरीच घडवायचा म्हटलं, की दोन आक्षेप हमखास येतात. एक, खडकच खोटा, मग त्यावरच्या झाडाला काय अर्थ? दुसरा, सिमेंटवर कुठं झाड जगतं का? दुसऱ्यात बरंच तथ्य आहे. पहिल्यात मात्र नाही, म्हणून तो आधी हातावेगळा करू.

कृत्रिम खडक ही काही आजची पळवाट नव्हे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये जेम्स पुलम आणि त्यांच्या घराण्याने विटा-दगडांच्या गाभ्यावर सिमेंटचे थर चढवून बागांमधून अख्खे कडे उभे केले आणि त्यांच्या खळग्यांत नेचे व डोंगरी झाडं लावली. सँडरिंगहॅमच्या राजवाड्याच्या बागेत त्यांचं काम आहे. आपल्याकडे तर याची गरज अधिकच. सह्याद्रीचा काळा पाषाण घट्ट असतो. मुळाला हवा तसा खोल, उतरता आणि पाण्याचा निचरा होणारा खळगा त्यात सहसा सापडत नाही, आणि तो कोरायचा तर डायमंडचं बिट झिजवावं लागतं. स्वतः घडवलेल्या खडकात हा खळगा आपल्याला हवा तिथे ठेवता येतो. माझ्या मते हस्तनिर्मित खडकाचं खरं मोल इथेच आहे. बाहेरचा पोत आणि गेरू-काळ्या ऑक्साइडचं रंगकाम नंतरचं. आधी मुळं कुठं बसणार ते ठरवायचं, मग त्याभोवती खडक उभा करायचा.

‘सिमेंटचा चुना झाडाला मारतो’

ताज्या सिमेंटबद्दल हे खरं आहे. सिमेंट पाणी घेऊन घट्ट होताना त्यातून कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे विरलेला चुना, मोकळा होतो आणि त्यातल्या पाण्याचा पीएच १२ च्या वर जातो. अशा पाण्यात कोवळी मुळं होरपळतात. पुढे मातीचा पीएच चढाच राहिला तर झाडाला लोह मिळेनासं होतं आणि नवी वाढ पिवळट दिसू लागते.

पण चुनखडक आणि ताजा चुना यांत फरक करायला हवा. बोन्सायच्या जगात सर्वांत नावाजलेले ज्युनिपर जपानच्या निइगाता भागातल्या इतोइगावाचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोराला लटकून माणसांनी ते कड्यांवरून उतरवले, आणि तिथला म्योजो पर्वत चुनखडकाचाच आहे. चुनखडक म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ते पाण्यात फारसं विरघळत नाही आणि मुळांना भाजत नाही. आपल्या खडकावरचा ताजा चुनासुद्धा हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत हळूहळू कार्बोनेटच होतो. त्याला त्यासाठी वेळ द्यायचा, इतकंच.

इथे दोन कामांची गल्लत होते. गिलाव्यावर पाणी मारतो तसं ओल्या गोणपाटाखाली तीन-चार आठवडे ठेवणं हे सिमेंटला ताकद येण्यासाठी. त्याने चुना जात नाही. तो जाण्यासाठी त्यानंतर खडक टाकीत बुडवून ठेवायचा आणि दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदलायचं. सुरुवातीला पाण्यावर पातळ पांढरी साय धरते आणि बोट लावलं की पापुद्र्यासारखी तुटते. चुना बाहेर येतोय याची ती खूण. पुढे साय धरेनाशी होते. मग खळग्यात स्वच्छ पाणी भरून दिवसभर ठेवावं आणि पीएचची पट्टी बुडवावी. आकडा साडेआठच्या खाली स्थिरावला की झाड लावायला हरकत नाही. ज्यांना घाई नाही त्यांनी खडक एक अख्खा पावसाळा गच्चीवर उघडा ठेवावा. पाऊस हे काम फुकट आणि उत्तम करतो. व्हिनेगर लावून काम उरकतं असं सांगितलं जातं, पण ते वरचाच पातळ थर निवळवतं. आतला चुना पुढच्या पाण्याबरोबर पुन्हा बाहेर येतो.

‘आत कोंबडीची जाळी घातली की खडक जन्माचा पक्का’

आकार देण्यासाठी जाळी सोयीची, हे मान्य. पण थर पातळ असेल तर ओल आणि हवा लोखंडापर्यंत पोचतात, गंज फुगतो आणि खडक आतून तडकतो. लोक दोष मुळांना देतात. वास्तविक ज्युनिपरची बारीक तंतुमुळं असं काही इतक्या लवकर करू शकत नाहीत. जाळी स्टेनलेस स्टीलची घ्यावी आणि तिच्यावर दोन-अडीच सेंटिमीटरचा थर द्यावा. झाड बांधायच्या तारा मसाला ओला असतानाच खळग्याच्या भिंतीत रोवून ठेवाव्यात आणि तळाला भोक ठेवायला विसरू नये. नंतर ड्रिल मारताना नेमकी पातळ जागाच फुटते.

‘मुळं खडकाला कवटाळतील’

किल्ल्याच्या तटात रुजलेला पिंपळ पाहत आपण वाढलो, म्हणून ही अपेक्षा. वड-पिंपळाच्या कुळातली मुळं जाडजूड होतात, एकमेकांत मिसळतात आणि दगडाला विळखा घालतात. जपानमध्ये असा विळखा दाखवणाऱ्या शैलीला सेकिजोजू म्हणतात आणि त्यासाठी बहुधा ट्रायडंट मेपल वापरतात. ज्युनिपरची मुळं तशी फुगत नाहीत. त्याच्यासाठी इशिझुकी, म्हणजे खडकाच्या खळग्यात वाढणारं झाड. जपानी बोन्साय कलाकार मासाहिको किमुरा यांनी उभ्या शिळांवर रचलेले ज्युनिपर पाहिले तर जाणवतं, की तिथे नजर मुळांवर ठरत नाही. ती कड्यावरून खाली झेपावणाऱ्या खोडावर ठरते.

याच्याच पोटात आणखी एक समज आहे: खडकावरच्या ज्युनिपरला माती लागतच नाही. कड्यावरच्या झाडाची मुळं भेगांतून खूप आत, ओलीपर्यंत गेलेली असतात. ती आपल्याला दिसत नाहीत एवढंच. आपल्या खडकाला तशी भेग नाही, म्हणून खळग्यात भरड, हवा खेळती ठेवणारं मिश्रण हवं आणि ते वाहून जाऊ नये म्हणून कडेने चिकट मातीचा बांध हवा. जपानी लोक त्यासाठी केतो नावाची कुजलेल्या लव्हाळ्याची माती वापरतात. आपल्याकडे तळ्याचा गाळ, कोकोपीट आणि बारीक कातरलेलं स्फॅग्नम मॉस मळून चालतं. नुसती काळी कापसाची माती नको. ती सुकली की आकसते आणि बांधाला भेगा पडतात.

मुळं कापताना तर फारच जपायला हवं. ज्युनिपरचं एक मूळ खोडावरच्या आपापल्या जिवंत पट्ट्यातून ठरावीक फांद्यांनाच पाणी पोचवतं. खळग्यात बसत नाही म्हणून एक जाड मूळ छाटलं, तर वरची नेमकी ती फांदी सुकू शकते. आधी पट्टा बोटाने खालपर्यंत शोधावा, मगच कात्री उचलावी. सगळी जुनी माती एकाच वेळी धुऊन काढू नये. हे काम थंडी सरता सरता करावं. एप्रिल-मे नक्कीच टाळावा.

‘हिरवा आहे, म्हणजे ठीक आहे’

सर्वांत जास्त झाडं या समजुतीपायी जातात. मुळं मेल्यावरही ज्युनिपर कित्येक आठवडे हिरवा दिसतो. तपकिरी रंग येतो तोवर वेळ निघून गेलेली असते. खुणा आधी दिसतात, फक्त पाहायला हव्यात: पानांची तकाकी जाते, हिरव्यात राखट झाक येते, टोकांची नवी फिकट वाढ थांबते, हाताला फांदी कोरडी लागते. पानांवर फवारा मारला म्हणजे पाणी दिलं असंही नव्हे. खळग्यातली माती थोडी, त्यात उन्हात सिमेंट तापतं. पुण्या-नाशिकच्या उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ दोनदा, सावकाश, तळाच्या भोकातून पाणी बाहेर येईपर्यंत घालावं लागतं आणि दुपारी शेडनेट लागतं.

घरात टीपॉयवर मात्र तो ठेवू नये. ज्युनिपर उघड्यावरचं झाड आहे; खोलीतल्या उजेडात तो झिजत जातो. ‘थंड प्रदेशातलं झाड, महाराष्ट्रात जगायचंच नाही’ हेही टोकाचं. घाटमाथ्यावर आणि देशावर तो चांगला तग धरतो. कोकणातल्या दमट हवेत त्याला वारा मिळेल अशी जागा शोधावी लागते, कारण दाट पालवीत ओल कोंडली की टोकं बुरशीने वाळतात. कोरड्या दिवसांत उलटी अडचण, लाल कोळी. फांदीखाली पांढरा कागद धरून ती हलकेच झटकावी. कागदावरचे ठिपके चालू लागले, तर त्याच दिवशी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पालवी खालच्या बाजूने धुवावी आणि आठवडाभर रोज पुन्हा धुवावी.