शंभर डॉलरचा बर्गर

अमेरिकेतल्या हौशी वैमानिकांच्या तोंडी एक शब्द कायम असतो, 'हंड्रेड डॉलर हॅम्बर्गर'. जवळच्या छोट्या विमानतळावर जाऊन बर्गर खायचा आणि परत यायचं. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. इथे मसाला म्हणजे विमानाचं इंधन!

अशा बर्गरसाठी माझं लाडकं ठिकाण लॉस एंजेलिससमोरच्या समुद्रातलं कॅटालिना बेट. च्युइंगगमवाल्या रिगली कुटुंबाने दोन टेकड्यांचे माथे छाटून, मधली घळ भरून १,६०० फुटांवर धावपट्टी केली. लांबी जेमतेम ३,००० फूट, टोकांपलीकडे सरळ उतार. सुरुवातीलाच चढ असल्याने उतरताना पलीकडचं टोक दिसत नाही. पट्टी संपलीच असं वाटून नवखा करकचून ब्रेक दाबतो.

पोटातला गोळा खाली बसला की विमानतळावरच्या डीसी-३ ग्रिलमध्ये बायसनचा बर्गर. बेटावर बायसन फिरतातही. १९२४ साली सिनेमासाठी आणलेल्या कळपाचे हे वंशज. ग्रिलमधली कुकी मात्र बांधूनच घ्या.

निघण्याआधी फोन करून ग्रिल उघडं असल्याची खात्री करा. लँडिंगचे पैसे वेगळे पडतात आणि रात्री विमानतळ बंद असतो.